दाराला बिजागरी, हाताला मूठ

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. बांधलेले घर दुरुस्त करून पाहावे, असेही म्हणायला हरकत नाही. त्यातही स्वयंपाकघराचे काम काढले म्हणजे घरातल्या माणसांची खरी परीक्षा होते. चूल एका कोपऱ्यात, भांडी दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मधे सुताराचा पसारा!

ओट्याखाली नवी कपाटे करायची ठरली की आपण प्लायवूडचा भाव विचारतो. सनमायक्याचा रंग पसंत करतो. सुताराची मजुरी ठरवतो. पण बिजागऱ्या, मुठी, स्क्रू आणि खणांचे चॅनेल यांची चौकशी कोणी करत नाही. “ते काय, सुतार आणील,” असे म्हणून सोडून देतो. आणि काम अडते ते नेमके तिथेच. दारे तयार होतात, पण मूठ भोकाला जुळत नाही. बिजागरी बसते, पण दार लागत नाही. मग नव्या दाराला दुसरे भोक पाडावे लागते. सनमायक्याला पडलेले भोक पुन्हा बुजत नाही. कष्टाने साठवलेल्या पैशातून केलेले दार पहिल्याच दिवशी डागी होते.

हे टाळता येते. त्यासाठी सुतार व्हायला नको. चार मापे घेता आली, ती कागदावर लिहिता आली आणि दुकानात वाचून दाखवता आली म्हणजे पुरे. ते कसे करावे, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

इंच, सूत आणि मिलिमीटर

पहिला घोटाळा मापांचा होतो. आपला सुतार इंच आणि सूत यांत बोलतो. एका इंचाचे आठ सूत. “दार दोन सूत कमी कर,” असे तो आपल्या पोऱ्याला सांगतो. दुकानातल्या डब्यावर मात्र मिलिमीटर छापलेले असतात. आपल्या देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ सालापासून ही मापे टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पण सुताराच्या तोंडी अजून इंचच आहे. म्हणून दोन्ही मापे आपल्याला समजली पाहिजेत.

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. एक सूत म्हणजे ३ मिलिमीटरहून किंचित जास्त. पुढे आम्ही मिलिमीटरला ‘मिमी’ असे थोडक्यात लिहू. टेपवर एका बाजूला इंच असतात, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात. सेंटिमीटरच्या प्रत्येक घरात दहा बारीक रेघा असतात. त्यातली एकेक रेघ म्हणजे एक मिमी. सामान घेताना नेहमी मिमीची बाजू वाचावी.

टेपचे टोक झिजलेले किंवा वाकलेले असेल तर माप चुकते. त्यावर सोपी युक्ती आहे. शून्यापासून न मोजता १० सेंटिमीटरच्या रेघेपासून मोजा आणि आलेल्या आकड्यातून १० वजा करा.

मूठ घेताना काय मोजावे?

पुष्कळ लोक मुठीची लांबी मोजतात. लांबी दिसायला महत्त्वाची, पण बसवायला नाही. बसवायला महत्त्वाचे असते ते दोन भोकांमधले अंतर. हे अंतर एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंत धरतात.

आता भोकाचा मध्य डोळ्यांनी नेमका कसा ओळखणार? त्याची गरज नाही. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. अंतर तेच येते.

बाजारातल्या नव्या मुठींची अंतरे बहुधा ठरलेली असतात: ९६, १२८, १६०, १९२, २२४ मिमी. या आकड्यांत एक गंमत आहे. प्रत्येक आकड्याला ३२ ने भाग जातो. तीन बत्तीस शहाण्णव, चार बत्तीस एकशे अठ्ठावीस. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात कपाटे कारखान्यांत होऊ लागली. यंत्राने एका ओळीत ३२ मिमी अंतरावर भोके पाडण्याची पद्धत तेव्हा रूढ झाली. तीच पद्धत पुढे आपल्याकडे आली.

जुन्या मुठी मात्र इंचांच्या हिशोबाने केलेल्या असत. तीन इंची, चार इंची. चार इंच म्हणजे १०१.६ मिमी. नवी मूठ ९६ मिमीची. फरक साडेपाच मिमीहून थोडा जास्त, म्हणजे जवळजवळ पावणेदोन सूत. ही मूठ जुन्या भोकांत कधीच बसणार नाही. “बसेल हो, थोडी ठोकली की,” असे कोणी म्हटले तरी ऐकू नका. पाच इंची मुठीचे मात्र जमू शकते. पाच इंच म्हणजे १२७ मिमी. नवी मूठ १२८ मिमीची. एका मिमीचा फरक भोक किंचित मोठे केले की निघतो.

मुठीबरोबर येणारा स्क्रू बहुधा २५ मिमी लांब असतो. अठरा मिमीच्या प्लायवूडला दोन्ही बाजूंनी सनमायका लावला की दार जवळजवळ २० मिमी जाड होते. स्क्रू त्यातून पार होऊन सुमारे ५ मिमी मुठीत शिरतो. इथपर्यंत ठीक. पण खणाला पुष्कळदा पुढे दोन फळ्या असतात. एक खोक्याची आणि एक शोभेची. तिथे २५ मिमीचा स्क्रू पोचतच नाही. खणांसाठी ४० ते ४५ मिमीचे स्क्रू वेगळे मागून घ्यावे लागतात. दोन्ही फळ्यांची जाडी मोजा आणि त्यात ५ मिमी मिळवा. तीच स्क्रूची लांबी.

मूठ निवडताना नुसते रूप पाहू नका. ती हातात धरून पाहा. चारही बोटे आत जातात का? कणकेने भरलेल्या हाताने दार ओढता येईल का? घरातल्या म्हाताऱ्या माणसाची बोटे आखडलेली असली तर लहान गोल बटन त्यांना धरता येत नाही. त्यांना लांब मूठ बरी. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. काही मुठींची टोके दोन्हीकडे मोकळी पुढे आलेली असतात. त्यांत साडीचा पदर किंवा ओढणी अडकते. हातात उकळत्या आमटीचे पातेले असताना पदर अडकला तर काय होईल, याचा विचार करा. शेगडीच्या आसपास तरी टोके दाराकडे वळलेलीच मूठ घ्यावी.

बिजागरी: एकाच घरात दोन तऱ्हा

पूर्वी दारांना दोन पानांची साधी बिजागरी असे. ती बाहेरून दिसे. आता कपाटांना आत लपणारी बिजागरी लावतात. दाराच्या आतल्या बाजूला गोल खळगा पाडून त्यात तिची वाटी बसवतात. या वाटीचा व्यास बहुधा ३५ मिमी असतो. वाटीसाठी सुमारे १२ मिमी खोल खळगा लागतो. म्हणून दार १८ मिमीच्या आसपास जाड हवे. १२ मिमीच्या दाराला ही बिजागरी लावायला गेलात तर भोक पलीकडे निघेल.

वाटीपासून एक दांडी निघते आणि ती कपाटाच्या बाजूच्या फळीला बसते. या दांडीला कमीअधिक बाक असतो. त्याला दुकानात ‘क्रँक’ म्हणतात. सगळी गोम या बाकात आहे. त्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार झिरो क्रँक. दार बंद केल्यावर बाजूची फळी पूर्ण झाकली जात असेल तर हा लागतो.

दुसरा प्रकार आठ क्रँक. दोन दारांच्या मधे एकच फळी असते. प्रत्येक दार तिचा निम्मा भाग झाकते. तिथे हा लागतो.

तिसरा प्रकार पंधरा किंवा सोळा क्रँक. दार चौकटीच्या आत बसत असेल आणि फळीची कड बाहेरून दिसत असेल, तर हा लागतो.

आता एक हिशोब करू. समजा, ओट्याखाली ओळीने तीन दारे आहेत. मधल्या दोन फळ्या सामाईक आहेत. पहिल्या दाराची बिजागरी डावीकडच्या शेवटच्या फळीला आहे. तिथे दार फळी पूर्ण झाकते. म्हणून झिरो. दुसऱ्या दाराची बिजागरी मधल्या फळीला आहे. तिथे निम्मी फळी झाकली जाते. म्हणून आठ. तिसऱ्या दाराची बिजागरी उजवीकडच्या शेवटच्या फळीला आहे. तिथे पुन्हा झिरो. म्हणजे एकाच ओट्याला दोन तऱ्हा लागल्या. “सगळ्या सारख्या द्या,” असे सांगून आणल्या तर मधले दार शेजारच्या दारावर चढेल.

दाराला किती बिजागऱ्या लावायच्या? सुमारे तीन फुटांपर्यंत उंचीच्या दाराला दोन पुरतात. त्याहून उंच दाराला तीन, आणि पाच फुटांच्या वरच्या दाराला चार. दार जड किंवा फार रुंद असेल तर एक वाढवावी. इथे काटकसर करू नका. बिजागऱ्या कमी पडल्या तर दार काही महिन्यांत लोंबते. मग एखादे दिवशी वरच्या कपाटाचे दार निखळून कोणाच्या तरी डोक्यात पडायचे.

खणाचे चॅनेल

खण सरकतो तो दोन बाजूंच्या चॅनेलवर. चॅनेल जोडीने मिळतात. त्यांची लांबी आजही इंचांतच सांगतात: १२, १४, १६, १८, २० अशी. कपाटाची आतली खोली मोजावी आणि तिच्यापेक्षा किंचित कमी लांबीचा चॅनेल घ्यावा. खोली २१ इंच भरली तर २० इंची.

साध्या चॅनेलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच जागा लागते. दोन्ही बाजू मिळून एक इंच, म्हणजे सुमारे २५ मिमी. कपाटाची आतली रुंदी ४५० मिमी असेल तर खण ४२५ मिमी रुंद हवा. म्हणून चॅनेल आधी घरात आणावा आणि मग खण करायला सांगावे. खण आधी झाला आणि जागा कमी पडली, तर तो फोडावाच लागतो.

धातू ओळखा

स्वयंपाकघरात वाफ, पाणी, मीठ आणि तेल यांचा सतत मारा असतो. कोकणात खारा वारा त्यात भर घालतो. साधे लोखंड तिथे लवकर गंजते. ओट्याखाली, विशेषतः मोरीच्या कपाटात, स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या आणि स्टेनलेसचेच स्क्रू घ्यावे. बिजागरी चांगली आणि स्क्रू लोखंडी, असे केले तर स्क्रू गंजून दार सुटते.

दुकानात जाताना खिशात लहानसे लोहचुंबक न्यावे. पिवळी मूठ ‘पितळी’ म्हणून दाखवली आणि तिला चुंबक चिकटले, तर ती आतून लोखंडी आहे. वरून नुसता पिवळा मुलामा आहे. पितळेला चुंबक चिकटत नाही. मात्र चुंबक चिकटले नाही म्हणजे वस्तू पितळेचीच, असे समजू नका. जस्ताच्या मिश्रधातूलाही ते चिकटत नाही. तसेच स्टेनलेसचे. २०२ आणि ३०४ अशा दोन जाती बाजारात दिसतात. ३०४ ही गंजाला जास्त दाद देत नाही. पण चुंबकाने या दोहोंतला फरक कळत नाही. म्हणून जातीचा आकडा बिलावर लिहून घ्यावा.

जुन्याशी नव्याचा मेळ

पुष्कळदा सगळे स्वयंपाकघर नवे होत नाही. भिंतीवरची कपाटे जुनी राहतात आणि ओट्याखालची नवी होतात. मग जुन्यासारखीच मूठ शोधत माणसे बाजारभर हिंडतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या ठिकाणी अशा सामानाची दुकानेच दुकाने आहेत. तिथे शोधावे जरूर. पण मुठींच्या तऱ्हा दर काही वर्षांनी बदलतात. दहा वर्षांपूर्वीची मूठ हुबेहूब मिळेलच असे नाही.

शोधायला निघताना जुनी मूठ स्क्रूसकट काढून बरोबर न्या. फोटोवर विसंबू नका. फोटोत रंग बदलतो आणि माप कळत नाही. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली रंग जुळला असे वाटले, तरी दुकानाच्या पायरीवर उजेडात येऊन पुन्हा पाहा. आधी एकच मूठ घेऊन घरी दाराला लावून पाहिली तर उत्तम.

मूठ मिळालीच नाही तर तीन वाटा आहेत. पहिली, भोकांचे अंतर तेच असलेली नवी मूठ सगळ्या दारांना लावायची. दुसरी, जुन्या मुठी वरच्या ओळीला आणि नव्या खालच्या ओळीला लावायच्या. एका ओळीत एकच तऱ्हा असली की ते मुद्दाम केल्यासारखे दिसते. एकाच ओळीत दोन तऱ्हा आल्या तर मात्र डोळ्याला खुपते. तिसरी, मुठीखाली धातूची पट्टी लावायची. जुने भोक पट्टीखाली झाकले जाते आणि नवे भोक हव्या त्या अंतरावर पाडता येते.

रंग अगदी तंतोतंत जुळत नसेल, तर जवळपासचा घेऊ नये. थोडासा फरक चुकल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा पांढऱ्या स्टीलजवळ सरळ काळी मूठ घ्यावी. ती शोभते.

दुकानात

माप नसलेले गिऱ्हाईक आणि माप आणलेले गिऱ्हाईक यांत काय फरक पडतो, पाहा.

“शेठ, बिजागऱ्या द्या बरं वीस.”

“कोणत्या देऊ ताई? झिरो की आठ?”

“ते काही मला ठाऊक नाही. मिस्त्रीनं वीस म्हणून सांगितलंय.”

“मग झिरो घेऊन जा. सगळे तेच नेतात.”

हे झाले पहिले गिऱ्हाईक. आता दुसरे.

“शेठ, पस्तीस मिमी वाटीच्या बिजागऱ्या द्या. झिरोच्या चौदा, आठ क्रँकच्या सहा. स्टेनलेसच्या हव्यात. चिठ्ठी आणलीय, वाचून बघा.”

“बसा ताई. ह्या घ्या, डब्यावर लिहिलंय तुमच्या समोर.”

“थांबा, मीच वाचते. आणि उरल्या तर परत घ्याल ना? तसं बिलावर लिहा.”

दुकानदार तोच, दुकान तेच. फरक एका चिठ्ठीचा. जिला डब्यावरचा आकडा वाचता येतो, तिला “सगळे तेच नेतात” असे कोणी सांगत नाही.

बिल नेहमी मागावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत घेतला पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. पण एक लक्षात घ्या. आपण चुकीचे माप सांगितले तर तो मालाचा दोष नव्हे. तिथे कायदा मदतीला येत नाही. म्हणूनच माप आधी नीट घ्यावे आणि बदलून देण्याची बोली बिलावर लिहून घ्यावी.

सगळ्या मुठी एकाच वेळी घ्या, आणि दोन जास्त घ्या. पुढच्या खेपेला आलेल्या मालाचा रंग थोडा वेगळा असू शकतो. जास्तीच्या मुठी आणि बिल एका पिशवीत घालून त्याच कपाटात ठेवा.

बसवताना आणि नंतर

सगळी भोके पाडण्यापूर्वी सुताराला एकच दार पुरते बसवायला सांगा. उघडून पाहा, लावून पाहा. ते मनासारखे झाले की मग बाकीची. मुठीच्या भोकांसाठी जाड पुठ्ठ्याचा साचा करून घ्या. साचा दाराच्या कोपऱ्याला लावून खुणा केल्या की सगळ्या मुठी एका रेषेत येतात.

गॅसचा सिलिंडर कपाटात ठेवत असाल तर त्या दाराला जाळी हवीच, आणि ती तळाशीही हवी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो. जाळी नसेल तर गळतीचा वास लवकर येत नाही.

काही दिवसांनी दार वाकडे दिसू लागले तर घाबरू नका. आत लपणाऱ्या बिजागरीच्या दांडीवर बहुधा दोन स्क्रू असतात. दाराजवळचा स्क्रू फिरवला की दार डावीउजवीकडे सरकते. मागचा सैल केला की ते पुढेमागे करता येते. पाव फेरा फिरवा, दार लावून पाहा, मग पुन्हा पाव फेरा. हे काम घरातले कोणीही करू शकते.

मुलामा दिलेल्या मुठी राखेने किंवा चिंचेने घासू नका. मुलामा निघून जातो. ओले फडके आणि मग कोरडे फडके, एवढे पुरे. न्हाणीघर धुण्याचे अॅसिड ओट्याखालच्या कपाटात कधीही ठेवू नका. त्याच्या वाफेने स्टेनलेसच्या बिजागऱ्याही गंजतात, आणि ते मुलांच्या हाताला लागण्याची भीती असते ती वेगळीच.

चिठ्ठी लिहा

आता वही घ्या आणि आपल्या घरच्या कपाटांसाठी ही चिठ्ठी भरून पाहा. काम काढायचे नसले तरी भरा. सराव होईल.

दारे किती? खण किती?
दाराची जाडी किती मिमी?
मुठीच्या भोकांतले अंतर किती मिमी?
मुठी किती? त्यात दोन मिळवा.
झिरो क्रँक किती? आठ क्रँक किती? सोळा क्रँक किती?
चॅनेलच्या जोड्या किती, आणि किती इंची?
स्क्रू २५ मिमीचे किती? ४५ मिमीचे किती?

एवढे आकडे हातात असले की दुकानदाराशी बोलायला अडचण पडत नाही आणि सुतारालाही नेमके सांगता येते. सुतार हुशार असतोच. पण तो चार घरची कामे करतो आणि आपण आपले एकच घर पाहतो. त्याचे कसब आणि आपली चिठ्ठी यांची जोड मिळाली, म्हणजे दार पहिल्या दिवशी जसे लागले तसे पुढेही नीट लागत राहील.